समुद्राकडे पाठ करून बांधलेलं घर

आमच्या वाडीतलं एकही जुनं घर समुद्राकडे तोंड करून नाही. देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या दक्षिणेला, लाटांचा आवाज रात्रभर ऐकू येतो अशा ठिकाणीसुद्धा घरांची पश्चिमेची भिंत जवळजवळ आंधळी. फार तर एखादा झरोका, तोही वळचणीखाली. पुढचं दार, खळं म्हणजे पुढचं अंगण, तुळस, सगळं पूर्वेला. मुंबई-पुण्याच्या लोकांनी अलीकडे बांधलेल्या बंगल्यांचं मात्र बरोब्बर उलटं असतं. पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, पुढे बाल्कनी, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या सगळ्यावर निळी ताडपत्री.

आम्हालाही नवंच घर हवं होतं. जुन्या घराची नक्कल करून त्यात एसी बसवायचा, असलं काही नको होतं. मी घरून काम करते, मला इंटरनेट लागतं, पाठीला आधार देणारी खुर्ची लागते आणि रात्री न्हाणीघरात जायला अंगण ओलांडायची माझी तयारी नाही. पण घरात बसल्यावर आपण कुठे आहोत हे कळलं पाहिजे, ठाण्यातल्या फ्लॅटसारखं नको, एवढं ठरलेलं होतं.

नवऱ्याच्या आजोबांची जमीन दोन तुकड्यांत आहे. खालचा तुकडा माडांचा, पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, लागून. वरचा भरडाचा, कातळाच्या कडेला, उताराचा. त्यावर काजू, चार-दोन हापूसची कलमं आणि एक थोराड फणस. स्वप्नं सगळ्यांना खालच्या तुकड्याचीच पडतात. पण समुद्राच्या भरतीरेषेपासून जमिनीकडचा पाचशे मीटरचा पट्टा सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारी क्षेत्रात, येतो. १९९१ ची अधिसूचना, मग २०११ ची, मग २०१९ ची, असे नियम बदलत गेले तरी पुळणीला लागून नवं घर उठवणं सोपं झालेलं नाही, आणि खरं सांगायचं तर होऊही नये. वरचा तुकडा त्या पट्ट्याबाहेर होता. तोच घेतला.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. सातबारा सामाईक, निम्मे हिस्सेदार मुंबईत. वाटणीच्या सह्या गणपतीत गोळा केल्या, कारण सगळे चाकरमानी एका छपराखाली सापडतात ते तेवढ्याच दिवसांत. मग मोजणी, फेरफार, बिनशेती. हद्दीचे दगड नक्की झाल्याशिवाय आर्किटेक्टला बोलावू नये, एवढंच सांगते.

आर्किटेक्ट कुडाळची. मुंबईत शिकून परत आलेली, आमच्या मुलीपेक्षा थोडी मोठी. एप्रिलमध्ये जागा बघायला आली, फणसाखाली बराच वेळ बसली आणि आराखडा काढायला तिने सरळ नकार दिला. म्हणाली, "ताई, जुलैत या. काकींकडे राहा. मीही येते. मग बोलू."

काकी म्हणजे नवऱ्याची चुलत काकी. शेजारच्या जुन्या घरात एकटी राहते. जुलैत आम्ही तिच्याकडे मुक्कामाला गेलो तेव्हा तिच्या घराची पश्चिमेची बाजू दिसतच नव्हती. वळचणीपासून खालपर्यंत चुडतांचे विणलेले झाप बांधलेले. मिरगाच्या आधी बांधायचे, पाऊस गेला की सोडायचे. "पावस खंयसून येता ता बघलंस?" असं तिने पहिल्याच सकाळी विचारलं. बघण्यासारखंच होतं. पाऊस वरून पडत नव्हता, आडवा येत होता, नैऋत्येकडून, खाली माडांच्या शेंड्यांवरून उडी मारल्यासारखा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. तो आडवा आला की दोन फुटांची पडवी म्हणजे नुसती शोभा.

आणि खाली जमिनीवर वेगळाच प्रकार. सड्याच्या, म्हणजे वरच्या सपाट माळाच्या, कातळावर पाणी मुरत नाही, धावतं. वरून उतरलेला लोंढा आमच्या तुकड्यात शिरत होता, फणसाच्या वरच्या अंगाने तिरका वळत होता आणि पुढे व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, मिळत होता. एप्रिलमध्ये तिथे नुसता वाळका पाला होता. आर्किटेक्ट रेनकोट घालून, हातात काठ्यांचा भारा घेऊन त्या पाण्याच्या दोन्ही कडांनी चालत गेली. पावसात चुन्याची रेघ टिकत नाही, म्हणून काठ्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधत होती. दिवाणखान्यासाठी सगळ्यात सपाट म्हणून जी जागा आमच्या डोळ्यांत भरली होती, तिच्या मधोमध दोन रांगांत चिंध्या फडफडत होत्या.

घर दोन भागांत फुटलं ते तिथेच. पाण्याच्या वाटेत भिंत घालायची नाही, हे पक्कं झालं. उत्तरेला स्वयंपाकघर आणि माजघर, दक्षिणेला झोपायच्या खोल्या आणि माझी कामाची खोली, मधे कौलारू छपराची उघडी वाट. वाटेखालून चिऱ्यांनी, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांनी, बांधलेल्या पन्हळीतून पाणी आपल्या रस्त्याने जाणार. दोन्ही भागांच्या मधे, पूर्वेच्या अंगाला फणस. त्याच्याभोवती खळं. घराचं तोंड अर्थातच त्याच्याकडे.

इथे नवरा अडला. सगळं आयुष्य डोंबिवलीच्या लोकलमध्ये दाराशी लटकत काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर पलंगावरून समुद्र दिसावा असं वाटलं तर त्यात काय चूक? त्याने काचेच्या सरकत्या दारांची चित्रं मोबाइलमध्ये साठवून ठेवली होती. ती त्याने काकीलाही दाखवली. काकीने चष्मा लावून नीट बघितली. "काचेक मिठाचो थर बसता. पुसतलो कोण? तू?" आणि मग, "दर्यो काय पळान जाता? बघूचो झालो तर जावन बघ."

आर्किटेक्टने हे बोलणं वहीत लिहून घेतलं. मला वाटलं गंमत म्हणून, पण पुढच्या आराखड्यात पश्चिमेच्या टोकाला, घरापासून सुटा, एक ओटा आला. चार चिऱ्याचे खांब, वर कौलं, बसायला दगडी कट्टा, भिंत एकही नाही. गंजेल, फुगेल, उडेल असं काहीच त्यात नाही. पावसात तो भिजतो, भिजू द्यायचा. समुद्र बघायला तिथे जायचं. नवरा चिडला, मग दोन दिवस गप्प होता, मग म्हणाला, कट्टा जरा रुंद करा, आडवं होता आलं पाहिजे. केला रुंद.

पश्चिम बंद करण्यात एक पेच मात्र खरा होता. किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून. शाळेतले खारे वारे आणि मतलई वारे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या घामट दुपारी जो काही जीव येतो तो त्या खाऱ्या वाऱ्यानेच. भिंत बंद केली तर मे महिन्यात घराची भट्टी होणार. त्यासाठी पश्चिमेला दोन भिंती झाल्या. बाहेरची चिऱ्यांची जाळी, एक चिरा ठेवून एक जागा मोकळी. मग चार फुटांची चिंचोळी पडवी, मग खरी भिंत, आणि तिला अगदी खाली व अगदी वर लाकडी फळ्यांच्या झडपा. वारा खालच्या झडपांतून गार शिरतो, गरम हवा वरून निघून जाते. दुपारचं ऊन जाळीतच अडकतं. पावसाळ्यात जाळीवर बाहेरून झाप. म्हणजे शेवटी काकीच्याच घरावर आलो, फक्त मधे एक पडवी वाढली. मोठ्या काचा आहेत, पण सगळ्या पूर्वेला आणि उत्तरेला, फणसाकडे.

चिऱ्याची खाण पहिल्यांदा बघितली तेव्हा मी बोलायचीच थांबले. सड्याच्या पोटात चौकोनी पायऱ्यापायऱ्यांचा लाल खड्डा, कटरची घरघर, आणि सगळ्यांच्या पापण्यांवर लाल धूळ. ताजा कापलेला चिरा मऊ असतो, नखाने ओरखडा उठतो. उघड्यावर हवा लागली की त्यातली लोहाची संयुगं घट्ट होत जातात आणि दगड कडक होतो. म्हणून चिरा आणायचा आणि लगेच भिंतीत घालायचा नाही, रचून ठेवायचा. आमचे मिस्त्री प्रत्येक गाडीतले चिरे हातोडीच्या दांड्याने वाजवून घेत. खणखणीत वाजला तर डावीकडे. बद्द वाजला, किंवा कडेला पांढऱ्या-पिवळ्या मातीचं भोक दिसलं, की उजवीकडे. ती माती पावसात वाहून जाते आणि भिंतीत उंदराचं बीळ तयार होतं. उजवीकडचे चिरे टाकले नाहीत, गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, लावले. मीही वाजवायला शिकले. दहातले सात बरोबर सांगायचे, मिस्त्री उरलेल्या तिनांवर हसायचे.

बाहेरून गिलावा केला नाही. जांभा पाणी पितो आणि सोडतोही. त्यावर सिमेंटचा जाड गिलावा चढवला की प्यालेलं पाणी आतच कोंडतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. वाडीतल्या अर्ध्या नव्या घरांची पश्चिम बाजू बघा, उत्तर मिळेल. त्यापेक्षा कौलांचे पाखे चार फूट बाहेर काढले आणि भिंतीला पाऊस लागणारच नाही असं बघितलं. आतून मात्र पांढरा चुना, नाहीतर जांभा उजेड गिळतो आणि भर दुपारी दिवा लावावा लागतो.

काँक्रीट आम्ही कमीत कमी वापरलं, पण एक खोली पूर्ण स्लॅबची केली. कारण तौक्ते. १६ मे २०२१ ला ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं तेव्हा काकीच्या घराची एका पाख्याची निम्मी कौलं गेली आणि ती देवघराच्या कोपऱ्यात बसून राहिली. कौलारू घर सुंदर असतं, पण वादळाच्या रात्री डोक्यावर न उडणारं काहीतरी असावं. तीच माझी कामाची खोली, आणि तिच्याच गच्चीवर पाण्याची टाकी आणि सौर पॅनेल.

समुद्राकाठी काँक्रीटचा शत्रू पाणी नाही, मीठ. खारट हवा हळूहळू आत शिरते, सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. त्यासाठी भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, किनारी हवेला उघड्या पडणाऱ्या बांधकामासाठी किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण सांगितलेलं आहे. मिस्त्री म्हणाले, "वैनी, पंचवीसचो कव्हर सगळे घालतत." आर्किटेक्ट म्हणाली, "आणि दहा वर्षांनी सगळ्यांच्या स्लॅबचे पापुद्रे पडतात." मग तिने स्वतः ४५ चे ठोकळे आणून दिले आणि स्लॅब भरायच्या दिवशी पट्टी घेऊन सळयांखाली वाकून वाकून मोजत बसली. खाडीची वाळू एक घमेलंही येऊ दिली नाही. बिजागऱ्या पितळेच्या, आणि स्टील लागलं तिथे ३१६ जातीचं. साध्या ३०४ पेक्षा ते महाग पडतं, पण त्यात मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेत टिकतं. दारं-खिडक्यांच्या या सामानावर झालेला खर्च मी घरात अजून कोणाला नीट सांगितलेला नाही.

स्लॅबमध्येही कौलं आहेत. वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी केरळात जी पद्धत रुळवली, तीच. स्लॅबचा खालचा भाग ताण घेतो, पण तिथे काम करते ती सळई. सळयांच्या मधलं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. त्या जागी जुनी मंगलोरी कौलं दोन-दोन जोडून ठेवायची आणि वरून काँक्रीट ओतायचं. स्लॅब हलका होतो, सिमेंट आणि लोखंड वाचतं, कौलांच्या जोडीत अडकलेल्या हवेमुळे खोली थोडी थंड राहते. आणि खालून वर बघितलं की लाल चौकटींचं छत दिसतं, ज्याला पीओपी लागत नाही.

छपराच्या बाबतीत वाडीत दोन पक्ष आहेत. आजकाल बरेच लोक उतरता स्लॅब ओततात आणि वर दिसायला कौलं चिकटवतात. मला ते पटत नाही. कौलारू छपराखाली घर श्वास घेतं, त्या प्रकारात कौल म्हणजे नुसता मुखवटा. पण ते लोक असं का करतात हेही मला माहीत आहे. केलडी. माकडांची टोळी फणसावरून छपरावर उतरली की दहा-वीस कौलांचा चुरा ठरलेला. माकडांमुळे कौलं काढून पत्रे घातलेली घरं मी डोळ्यांनी बघितली आहेत. आम्ही कौलांखाली दुसरा थर सपाट कौलांचा घातला, त्यामुळे वरचं फुटलं तरी पाणी लगेच आत येत नाही, ऊनही कमी लागतं. मागच्या बाजूला जुन्या पाडलेल्या घरांतून घेतलेल्या कौलांची चवड रचून ठेवली आहे. वासे आणि तुळयाही तशाच पाडलेल्या घरांतल्या, बहुतेक ऐनाच्या. लोखंडी नळ्यांचा सांगाडा स्वस्त पडला असता, पण खारी हवा नळीच्या आतून काम करते आणि ते छप्पर वाकल्यावरच कळतं.

जमिनीसाठी टाइल घ्यायची नाही, लाल कोबाच करायचा, हा माझा एकटीचा हट्ट. कोबा घोटणारा माणूस शोधायला घर बांधण्याइतकाच त्रास झाला. शेवटी कणकवलीकडचे एक आजोबा मिळाले, नातवाला घेऊन आले. सिमेंट आणि लाल रंग त्यांनी कोरडाच एकत्र करून तीनदा चाळला, कारण रंग कमी-जास्त झाला की जमिनीवर ढग दिसतात. खालचा थर अर्धवट ओला असतानाच वर ही लाल भुकटी पेरायची आणि पोलादी थापीने घोटायला लागायचं. फळीवर गुडघे टेकून, मागे मागे सरकत. एकदा सुरू केलं की खोली संपेपर्यंत थांबायचं नाही, थांबलं तिथे सांधा दिसतो. त्यांनी संध्याकाळी सुरू केलं, ऊन नको म्हणून. रात्री मी चहा घेऊन गेले तेव्हा नातू बॅटरी जमिनीलगत आडवी धरून बसला होता आणि आजोबा त्या तिरप्या उजेडात उंचवटे शोधत होते. हाताने चाचपत, डोळे जवळजवळ मिटून. दुसऱ्या दिवशी मातीची आळी घालून वर पाणी कोंडलं, ते बरेच दिवस तसंच ठेवलं. नंतर खोबरेल. आता तिथे दोन बारीक भेगा आहेत. आजोबांनी आधीच सांगितलं होतं की येतील.

पाण्याचं गणित बाहेरच्यांना खरं वाटत नाही. एवढा पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते. कातळाच्या कवचाखालचा जांभा सच्छिद्र, जे पाणी मुरतं ते टिकत नाही, उताराने निघून जातं. म्हणून पूर्वेच्या पाख्याचं पाणी टाकीत घेतलं. त्याच सच्छिद्रपणामुळे संडासाची टाकी कुठे ठेवायची हा प्रश्न घराच्या आराखड्यातला सगळ्यात गंभीर प्रश्न होता. शोषखड्ड्यातलं पाणी जांभ्यातून थेट खालच्या विहिरीकडे जाऊ शकतं, आणि खालची विहीर काकीची आहे. टाकी विहिरीच्या उतारापासून पार दुसऱ्या कडेला नेली. त्यासाठी पाइपचा खर्च वाढला. न्हाणी आणि स्वयंपाकघराचं सांडपाणी वेगळं काढून खडी भरलेल्या वाफ्यात सोडलं, त्यात कर्दळ लावली. कर्दळ दणकून वाढते. केळींनाही तेच पाणी.

एकही मोठं झाड तोडलं नाही. फणसाची मुळं मात्र उत्तरेच्या जोत्याला आडवी आली. मिस्त्रींनी तिथे पाया सलग घेतला नाही, मुळाच्या दोन्ही बाजूंना खांब घेऊन वर कमान टाकली. त्या कमानीखाली आता काकीची मांजर असते.

राहायला आल्यापासून दोन पावसाळे झाले. चामड्याच्या वस्तूंना बुरशी येते, दारं फुगतात, कपडे वाळत नाहीत. यावर आर्किटेक्टकडेही इलाज नाही. पन्हळीचं पाणी जोरात असलं की मधल्या वाटेवर उभं राहून बोलणं ऐकू येत नाही, स्वयंपाकघरातून हाक मारली तर कामाच्या खोलीत पोचत नाही, फोन करावा लागतो. नवऱ्याचा मुक्काम पाऊस नसेल तेव्हा पश्चिमेच्या ओट्यावर.

वाऱ्याला आडोसा म्हणून ओट्याच्या अलीकडे उंडी आणि केवडा लावलाय. उंडीची रोपं सध्या गुडघ्याएवढी आहेत. ती मोठी होईपर्यंत झापांना सुट्टी नाही. चुडतं खालच्या माडांची घरचीच मिळतात, पण विणणारी माणसं वाडीत दोनच उरली आहेत आणि दोघींनाही मे महिन्यात सगळीकडून बोलावणी असतात. यंदा आम्ही त्यांना शिमग्यातच सांगून ठेवलंय. दर त्या सांगतील तो.